थांबण्याची आज्ञा आणि घरातला एकांत

ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेचे दोन प्रकार प्रारंभापासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. त्यांतील पहिला सामुदायिक उपासनेचा असून ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या क्रमाने आणि धर्मगुरूंच्या किंवा पाळकांच्या नेतृत्वाखाली होते. दुसरा एकांतातील शांत प्रार्थनेचा असून तिला कॅथलिक परंपरेत मनन-चिंतन किंवा ध्यानप्रार्थना आणि प्रोटेस्टंट घरांत बहुधा ‘शांतवेळ’ असे म्हटले जाते. पहिल्या प्रकारामागे घंटा, दिनदर्शिका आणि समाजाची सवय उभी असते. दुसऱ्या प्रकाराला मात्र माणसाच्या स्वतःच्या निश्चयाखेरीज कोणाचाच आधार नसतो, आणि म्हणूनच घरात लहान मूल आले, नोकरी आणि संसार यांची ओढाताण सुरू झाली, की सर्वांत आधी हाच प्रकार निसटतो. रविवारची उपासना चुकत नाही, मुलांचा बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद किंवा संडे स्कूल यथासांग पार पडते, पण आई-वडिलांपैकी एकालाही दहा मिनिटे गप्प बसायला मिळत नाही, ही अवस्था आज अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या परिचयाची आहे.

या अडचणीचे निदान बहुधा ‘वेळ मिळत नाही’ एवढ्यावर थांबते आणि उपाय म्हणून पहाटे लवकर उठण्याचा सल्ला दिला जातो. परंतु ज्या आईची झोप रात्री तीनदा मोडते, तिला पहाटे चार वाजता उठण्याचा उपदेश करणे म्हणजे तिच्या डोक्यावरच्या ओझ्यात आणखी एक गाठोडे ठेवणे होय. बायबल आणि ख्रिस्ती परंपरा यांचा धांडोळा घेतला तर असे दिसते की तेथे विश्रांतीचा विचार प्रार्थनेच्या आधी येतो आणि ही विश्रांती एकट्या व्यक्तीची नसून सबंध घराची व्यवस्था म्हणून मांडलेली आहे. एकाचा एकांत दुसऱ्या कोणीतरी राखावा लागतो, हे त्या व्यवस्थेचे मर्म आहे.

शब्बाथ : घरासाठी केलेला कायदा

विश्रांतीविषयीचे मूळ वचन दहा आज्ञांमध्ये आहे. ‘शब्बाथ’ हा शब्द ज्या हिब्रू धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ थांबणे, हातातले काम सोडून देणे असा आहे. म्हणजे दमल्यावर केलेला आराम एवढाच त्याचा आशय नसून काम पुरे झालेले असो वा नसो, सातव्या दिवशी थांबणे हा आहे. ही आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी आली असून दोन्हीकडे तिची कारणे वेगळी दिली आहेत. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सृष्टी निर्माण केल्यावर देव स्वतः विसावला, हे कारण सांगितले आहे. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र इस्राएल लोक एकेकाळी मिसर देशात गुलाम होते, याची आठवण दिली आहे. गुलामाला थांबण्याचा अधिकार नसतो, म्हणून थांबता येणे ही मुक्त माणसाची खूण आहे, असा या दुसऱ्या कारणाचा रोख आहे.

या आज्ञेत विश्रांतीचे धनी कोण, याची यादीच दिली आहे. ‘तू’ या संबोधनानंतर मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि गावात उतरलेला परका यांचा उल्लेख येतो, आणि दास-दासींनाही घरधन्यासारखाच विसावा मिळावा, असे अनुवादात स्पष्टपणे नमूद केले आहे. या यादीत पत्नीचा उल्लेख नाही, ही गोष्ट सूक्ष्म वाचकाच्या ध्यानात येते. ‘तू’ या संबोधनात घरधनी आणि घरधनीण दोघेही सामावलेले आहेत, असा अर्थ भाष्यकार सामान्यतः लावतात आणि तो सयुक्तिक आहे. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात घरातल्या इतर सर्वांचा विसावा ज्या बाईच्या कष्टावर उभा असतो, तिचेच नाव यादीतून सुटावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

ज्यू धर्मशास्त्र्यांनी पुढे शब्बाथच्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ वर्ग ठरवले आणि ते मिश्ना या प्राचीन संहितेत नोंदवले. त्या सूचीत नांगरणे आणि पेरणे यांच्याबरोबर दळणे, मळणे, भाजणे, सूत कातणे, शिवणे आणि आग पेटवणे ही कामे आहेत. म्हणजे तिचा बराच मोठा भाग चुलीशी आणि घरकामाशी निगडित आहे. स्वयंपाक शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी उरकावा लागत असल्याने दुसऱ्या दिवशी कोणालाही चुलीपुढे बसावे लागत नसे. मराठी वाचकाला हा नियम अगदीच परका नाही, कारण कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल हे ज्यू पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्या समाजाला शेजाऱ्यांनी त्याच्या कामाबरोबर त्याच्या थांबण्यावरूनही ओळखले, असा हा दुर्मीळ दाखला आहे.

ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळायला सुरुवात केली आणि ३२१ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी रविवारी काम बंद ठेवावे, असे फर्मान काढले. शेतकऱ्यांना मात्र हंगामाच्या गरजेमुळे त्यातून सूट होती. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, १८९० मध्ये, आणि त्या मागणीच्या समर्थनार्थ रविवार हा खंडोबाचा वार असल्याचेही मांडले गेले होते, असे सांगितले जाते. विसाव्याचा दिवस हा कोणा एका धर्माचा खासगी मामला नसून कष्टकऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे या घटनेतून दिसते आणि अनुवादातील आज्ञेचा सूरही याहून फारसा वेगळा नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ मध्ये प्रभूच्या दिवसाविषयी लिहिलेल्या ‘डिएस डोमिनी’ या पत्रातही उपासना आणि विश्रांती या दोन्ही बाजू एकत्रच विचारात घेतल्या आहेत.

अडवलेली प्रार्थना

येशूच्या एकांताविषयी शुभवर्तमानांत जे प्रसंग आले आहेत, त्यांपैकी मार्कच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग विशेष परिचित आहे. कफर्णहूम गावात सूर्यास्तानंतर आजारी माणसांची रीघ लागलेली असते. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून निर्जन जागी प्रार्थनेला जातो. प्रवचनांत हा प्रसंग बहुधा लवकर उठण्याचा धडा म्हणून सांगितला जातो, पण त्याच्या पुढचे वाक्य सहसा दुर्लक्षित राहते. शिष्य शिमोन आणि त्याचे सोबती येशूच्या मागावर निघतात आणि सगळे तुम्हाला शोधत आहेत, असे त्याला सांगतात. येथे मूळ ग्रीकमध्ये वापरलेले क्रियापद पाठलाग करण्याच्या अर्थाचे आहे. म्हणजे मार्कने वर्णिलेली येशूची ही पहिलीच एकांत प्रार्थना अडवलेली प्रार्थना आहे.

सहाव्या अध्यायातला प्रसंग याहूनही बोलका आहे. शिष्य कामावरून परतले आहेत, लोकांची ये-जा इतकी आहे की त्यांना जेवायलाही सवड नाही, म्हणून येशू त्यांना निवांत ठिकाणी येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो आणि सर्व जण नावेने निघतात. पण लोक काठाकाठाने धावत त्यांच्या आधीच तेथे पोचतात. विश्रांतीचा बेत फसतो, येशूला लोकांची दया येते, शिकवण्यात आणि हजारोंना जेवू घालण्यात दिवस मावळतो. त्यानंतर येशू शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवतो, लोकसमुदायाला निरोप देतो आणि एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जातो. दिवसा हुकलेला एकांत सोडून दिला जात नाही, तो संध्याकाळवर जातो, एवढी साधी गोष्ट या वृत्तांताच्या क्रमातून समजते. प्रार्थनेला बसावे आणि पाळण्यातून रडणे ऐकू यावे, या अनुभवाला अपयश मानण्याची सवय लागलेल्या पालकांना हा क्रम ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याची कथा शरीराच्या थकव्याविषयी बोलते. १ राजे, अध्याय १९ मध्ये जीव वाचवण्यासाठी रानात पळालेला एलीया एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. त्यावर देवदूत त्याला उपदेश करीत नाही, उठवून भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठवला जातो आणि पुन्हा खातो. होरेब डोंगरावर देवाचा मृदू स्वर त्याला ऐकू येतो तो या दोन झोपा आणि दोन जेवणे झाल्यानंतर. स्तोत्रसंहितेतील १२७ वे स्तोत्रही झोपेकडे देवाची देणगी म्हणून पाहते. गाढ थकलेला माणूस प्रार्थनेला बसल्यावर पेंगू लागला, तर त्या क्षणी त्याच्या शरीराला प्रार्थनेपेक्षा झोपेची गरज आहे, असा व्यवहारी निष्कर्ष या कथेतून निघतो.

पाठ लवकर झोपण्याचा

शांत प्रार्थनेचे शास्त्र ख्रिस्ती जगात वाढले ते मुख्यतः मठांत. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिने पाश्चात्त्य मठांचा दिनक्रम शेकडो वर्षे घडवला. दिवसाचे सात आणि रात्रीचा एक असे प्रार्थनेचे प्रहर तिने बांधून दिले, आणि घंटा ऐकताच हातातले काम तसेच सोडून प्रार्थनास्थळी जावे, असा दंडक घातला. परंतु त्याच नियमावलीत हिवाळ्यात मठवासीयांनी अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक झोप झाल्यावर, अन्न पचल्यावर उठावे, असेही सांगितले आहे, आणि उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर पडून राहण्याची सोय ठेवली आहे. कडक मानल्या गेलेल्या या परंपरेने झोपेचा हिशेब प्रार्थनेच्या हिशेबातच धरला होता. तेव्हा रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून पहाटे चारला उठण्याचा संकल्प करणाऱ्या गृहस्थाने मठापासून काही शिकायचे असेल, तर पहिला पाठ लवकर झोपण्याचा आहे.

मठातला दिनक्रम जसाच्या तसा घरात आणता येत नाही, ही गोष्ट चर्चच्या इतिहासात वेळोवेळी स्पष्टपणे सांगितली गेली. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेला भक्तिजीवनाचा परिचय करून देणारा ग्रंथ मुख्यत्वे प्रापंचिक वाचकांसाठी होता. प्रत्येक झाड आपापल्या जातीचे फळ देते, तशी राजपुत्राची, कारागिराची, विधवेची आणि विवाहित स्त्रीची भक्ती वेगवेगळी असायला हवी, आणि विवाहितांनी संन्याशासारखे वागणे किंवा कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसणे हे हास्यास्पद ठरेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

त्याच शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधक स्वयंपाकघरात राबत होते. १६४० च्या सुमारास मठात आलेले आणि १६९१ मध्ये निवर्तलेले हे माजी सैनिक पुढे चपला दुरुस्त करण्याचे कामही करीत. भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्याची जाणीव जागी ठेवता येते, ही त्यांची शिकवण त्यांच्या पत्रांच्या आणि संभाषणांच्या संग्रहातून जगभर पोचली. गृहिणींना हे नाव वारंवार सांगितले जाते, आणि ते योग्यही आहे; तथापि तुलना करताना एक फरक नजरेआड करता कामा नये. ब्रदर लॉरेन्स यांच्या स्वयंपाकघराभोवती मठाची घंटा, मौनाचे तास आणि रात्रीची शांतता यांची भिंत होती. कामातील प्रार्थना त्या भिंतीच्या आधाराने फुलली. ज्या घरात अशी भिंत नाही, तेथे ‘काम हीच प्रार्थना’ असे म्हणून थांबण्याचा प्रश्नच गुंडाळून ठेवला, तर त्या वाक्याने पोकळ सांत्वन तेवढे होते आणि बाईचे काम चालूच राहते.

दोन घरांचे दाखले

गृहस्थाश्रमातील एकांताचे उदाहरण म्हणून प्रोटेस्टंट जगात सुझॅना वेस्ली यांचे नाव आदराने घेतले जाते. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन आणि गीतकार चार्ल्स वेस्ली यांच्या त्या मातोश्री. इंग्लंडमधील एपवर्थ या खेड्यात त्यांचे पती सॅम्युएल हे धर्मगुरू होते. या दांपत्याला झालेल्या १९ अपत्यांपैकी दहा जगली. कर्ज, आजारपण आणि १७०९ मध्ये घराला लागलेली आग असे आघात त्या संसाराने सोसले. घर गजबजलेले असताना सुझॅनाबाई डोक्यावरून एप्रन ओढून घेत आणि त्या कापडाखाली त्या प्रार्थना करीत आहेत, हे ओळखून मुले गप्प राहत, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध करणे कठीण असले, तरी आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून त्याच्याशी एकट्याने बोलण्याचा त्यांचा परिपाठ मात्र त्यांच्या स्वतःच्या पत्रातून कळतो. जॉनची पाळी गुरुवारी असे. एप्रनच्या कथेत लक्ष वेधून घेते ती मुलांची समजूत. कापड पातळच असणार; आईचा एकांत शाबूत राहिला तो मुलांना त्या खुणेचा अर्थ शिकवलेला होता म्हणून.

कॅथलिक जगातील जवळचे उदाहरण फ्रान्समधील आलाँसाँ या गावच्या मार्टिन दांपत्याचे आहे. संत तेरेजा, जिला मराठी कॅथलिक ‘छोटी तेरेजा’ म्हणून ओळखतात, तिचे हे आई-वडील. झेली मार्टिन या नाजूक लेस विणण्याचा व्यवसाय स्वतः उभारून चालवीत. त्यांना नऊ अपत्ये झाली, त्यांतील चार बालवयात दगावली. पती लुई यांचे घड्याळांचे दुकान होते आणि गिऱ्हाईक येण्याची शक्यता असूनही ते रविवारी दुकान उघडत नसत. दोघे पहाटेच्या मिस्साला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला, नित्य जात. झेली यांच्या पत्रांत थकव्याचे, ऑर्डरींच्या तगाद्याचे आणि आजारी मुलांच्या काळजीचे उल्लेख जागोजागी येतात. १८७० मध्ये लुई यांनी स्वतःचे दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या व्यवसायात हात दिला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या दोघांना एकाच वेळी संत म्हणून घोषित केले, आणि पती-पत्नींना जोडीने हा मान मिळण्याचा आधुनिक काळातील हा पहिलाच प्रसंग होता. रविवारी बंद राहिलेले दुकान आणि नंतर विकलेले दुकान हे दोन निर्णय व्यवहाराचे वाटले, तरी त्या घरातली प्रार्थना त्यांच्याच आधाराने टिकली.

मराठी घरातील सांज

मराठी ख्रिस्ती घरांनी आपली स्वतःची पद्धत केव्हाच घडवली आहे. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक गावांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चर्चची घंटा वाजते आणि तिच्याबरोबर देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचे स्मरण करणारी छोटी त्रिकाळ प्रार्थना म्हटली जाते. तिला दोन-तीन मिनिटे पुरतात. संध्याकाळी घरातल्या वेदीपुढे मेणबत्ती लावून जपमाळेची प्रार्थना होते, जिला गोव्यात ‘तेर्स’ म्हणतात. ती संपल्यावर लहानांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागण्याची चाल आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सोलापूर या भागांतील प्रोटेस्टंट घरांत कौटुंबिक उपासना असते : ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील एक गीत, शास्त्रपाठ आणि कोणातरी एकाने केलेली उत्स्फूर्त प्रार्थना.

ही सांजप्रार्थना प्रत्यक्षात फार शांत असते असे नाही. मोठा मुलगा भिंतीला टेकून बसलेला असतो, मधली बहीण मेणबत्तीचे मेण नखाने खरवडत असते, धाकट्याला एक ‘नमो मरिया’ म्हणायला दिलेली असते आणि ती तो एका श्वासात उरकतो; जपमाळेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या रहस्यापर्यंत, तो आईच्या मांडीवर झोपलेला असतो आणि आजीचा आवाज मात्र त्याच लयीत चालू असतो. या अर्ध्या तासाचे मोल त्यातल्या एकाग्रतेपेक्षा त्याच्या नित्यतेत आहे, कारण त्या वेळी टीव्ही बंद असतो, कुकर उतरवलेला असतो आणि घरातले सगळे जण एका जागी असतात. आई-वडिलांच्या एकांताचा पायाही येथेच घातला जातो, कारण ठरावीक वेळी घर थांबते, हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला ‘आता आई दहा मिनिटे एकटी बसणार आहे’ हे वाक्य परके वाटत नाही.

काम करीत असताना नाम घेण्याची कल्पनाही मराठी मनाला नवी नाही. जात्यावर दळण दळणाऱ्या जनाबाईची आठवण येथे सहज येते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे प्रसिद्ध केलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले. त्यांची ग्रांथिक ओवी आणि बायकांची जात्यावरची ओवी यांत रचनेचा फरक असला, तरी ख्रिस्तकथा मराठीत आली ती ऐकणाऱ्याच्या तोंडी सहज बसेल अशा लयीत. मात्र जनाबाईच्याच संतपरंपरेत गोरा कुंभाराचीही कथा आहे, ज्यात नामात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असलेल्या बापाच्या पायाखाली त्याचे मूल येते. भक्तांसाठी ती कथा पुढे चमत्काराने सुखान्त होत असली, तरी मूल सांभाळता सांभाळता तल्लीन होऊ पाहण्यातला धोका तिने विसरू दिलेला नाही. ज्याच्यावर त्या क्षणी मुलाची जबाबदारी आहे, त्याने डोळे उघडे ठेवून प्रार्थना करावी. डोळे मिटण्यासाठी मूल आधी दुसऱ्याच्या हाती द्यावे.

थोड्या वेळात मावणाऱ्या पद्धती

अशा घरांना उपयोगी पडतील अशा तीन पद्धती परंपरेत उपलब्ध आहेत. पहिली नामप्रार्थना. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारे एकच छोटे वाक्य श्वासाच्या लयीत पुनःपुन्हा म्हणण्याची साधना आहे. बाळाला थोपटताना किंवा विरार लोकलच्या गर्दीत दांडीला लोंबकळत उभे असताना ती करता येते, कारण तिला पुस्तक, आसन किंवा रिकामे हात लागत नाहीत.

दुसरी पद्धत पवित्र वाचनाची. बाराव्या शतकात गीगो दुसरा या कार्थुशियन मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शब्दांपलीकडचे निवांत सान्निध्य. यात अध्यायच्या अध्याय संपवण्याची घाई नसते. चार-पाच ओळींचा उतारा सावकाश वाचून त्यातला एखादा शब्द दिवसभर सोबत ठेवला, तरी पुरे. सकाळी डबा भरताना वाचलेला शब्द दुपारी आठवला, तर मननाची पायरी आपोआप चढली जाते.

तिसरी पद्धत सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात दिलेली दिनसमीक्षा होय. पोपनी १५४८ मध्ये त्या पुस्तकाला मान्यता दिली. तिचे पाच टप्पे आहेत : मिळालेल्या गोष्टींबद्दल कृतज्ञता, स्वतःकडे पाहण्यासाठी प्रकाशाची याचना, दिवसाचा प्रहरवार आढावा, चुकांबद्दल क्षमायाचना आणि उद्यासाठी एखादा निश्चय. रात्री मुले झोपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हे होते. पालकांच्या दृष्टीने यातला तिसरा टप्पा विशेष मोलाचा आहे, कारण सकाळी गृहपाठावरून मुलावर चढलेला आवाज, दुपारी सासूबाईंना तोडून दिलेले उत्तर आणि संध्याकाळी दारात धावत आलेल्या मुलीची मिठी या सर्व गोष्टी प्रार्थनेतले अडथळे न राहता तिचा विषय होतात.

या तिन्ही पद्धतींचा एक तोटाही आहे. त्या इतक्या लवचीक आहेत की त्यांच्या भरवशावर खऱ्याखुऱ्या विसाव्याची मागणीच कोणी करीत नाही. लोकलमधली नामप्रार्थना चांगली असली, तरी ती रविवारच्या दुपारची जागा घेऊ शकत नाही.

रविवारची दुपार कोणाची

मराठी ख्रिस्ती घरातला रविवार बारकाईने पाहिला तर विश्रांतीची आज्ञा कोठे अडते, ते समजते. सकाळची मिस्सा किंवा उपासना आटोपून घर परतते, वडील वर्तमानपत्र उघडतात, मुले बाहेर खेळायला पळतात आणि आई पदर खोचून मटणाला लागते. नारळ खवून वाटण होते, पाहुणे येतात, तीन वाजता जेवणे उरकतात आणि मग भांडी. आठवडाभर नोकरी करून रविवारी दुप्पट स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या दृष्टीने सातवा दिवस हा सहाव्याचाच विस्तार ठरतो. ज्या आज्ञेने दासीलाही विसावा दिला, ती आज्ञा घरातली मालकीण मोडत नसते. तिच्याकडून ती रीतीने आणि प्रेमाने मोडवून घेतली जाते.

यावरचा उपाय घरातल्या घरात निघू शकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला ‘घरातील चर्च’ म्हणण्याच्या जुन्या कल्पनेला पुन्हा उजाळा दिला. घर हे चर्च असेल, तर तेथील सेवाही वाटून घ्यायला हव्यात. शनिवारीच वाटण करून ठेवणे, रविवारचे जेवण एका भाजी-भातावर आणणे, भांडी मुलांनी घासणे आणि आई-वडिलांनी आठवड्यातील एकेक तास परस्परांना आळीपाळीने मोकळा करून देणे, या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत. पण शब्बाथच्या जुन्या नियमांचे सारे बळ अशाच किरकोळ पूर्वतयारीत होते. एकट्याने मुले वाढवणाऱ्या आईला किंवा वडिलांना हा तास घरातून मिळणे शक्य नसते, आणि तेथे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी स्वीकारणाऱ्या धर्ममाता-धर्मपित्यांची, शेजाऱ्यांची आणि मंडळीतील ज्येष्ठांची खरी परीक्षा होते. वर्षातून एकदा रिट्रीटला, म्हणजे मौन आणि चिंतनासाठी एखाद्या साधनागृहात दोन-तीन दिवस राहायला जाण्याची इच्छा अनेकांना असते. तीही कोणीतरी मागे मुलांना सांभाळल्याशिवाय पुरी होत नाही.

मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू प्रार्थनेसाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. त्या खोलीसाठी ग्रीकमध्ये जो शब्द आला आहे, तो कोठीच्या खोलीसाठीही वापरला जाई. धान्य आणि तेल ठेवण्याची ती अंधारी, आतली जागा, जेथे सहसा कोणी बसत नाही. मुंबईच्या चाळीत किंवा एका खोलीच्या घरात असे दार नसते. तेथे गॅलरीचा कोपरा, जिन्याची पायरी किंवा एप्रनचा पदर त्याचे काम करतो. दार लावण्याची आज्ञा प्रार्थना करणाऱ्याला दिलेली आहे. परंतु ज्या घरात लहान मूल आहे, तेथे ते दार लागलेले राहावे यासाठी दुसऱ्या कोणालातरी बाहेर चटईवर बसून त्या मुलाशी ठोकळ्यांचा मनोरा रचत राहावे लागते, आणि तासाभराने जागांची अदलाबदल करावी लागते.